तारणाची तारीख

आमच्या काउंटीत नवीन माणूस राहायला आला की लोक आधी त्याचं नाव विचारतात आणि लगेच त्याची मंडळी विचारतात. मंडळी म्हणजे रविवारी तो कुठल्या चर्चच्या बाकावर बसतो ते. नोकरीधंदा, पोरंबाळं हे सगळं मागाहून. साठी ओलांडेपर्यंत मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मंडळी कळली की निम्मा माणूस कळला, असंच मी धरून चालत होते. गेल्या उन्हाळ्यात मात्र याच एका प्रश्नानं माझी अशी कोंडी केली की अजून आठवलं तरी डोकं तापतं.

इथं अलाबामात जज लोकांच्या मतांनी होतो. आमच्या काउंटीत दुसऱ्या पक्षाला कित्येक वर्षांत उमेदवारच मिळालेला नाही, त्यामुळे आमच्या पक्षाची उमेदवारी ज्याला मिळाली तो जज झालाच म्हणून समजा. पहिल्या फेरीत तिघं उभे होते, कुणालाच निम्मी मतं पडली नाहीत, आणि जूनमधल्या दुसऱ्या फेरीला दोघं उरले. एक वेंडल गेदर, दोनदा निवडून आलेले आमचे जज, शेडी फोर्क बॅप्टिस्ट मंडळीचे डीकन, म्हणजे माझ्याच मंडळीतले कारभारी. दर रविवारी माझ्या पुढच्या बाकावर त्यांचं टक्कल असतं. दुसरी लॉर्ना ट्यूलर, वकील, वीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर आयडाहोहून इथं आलेली. ती मॉर्मन.

झालं. एवढं कळल्यावर आमच्या लोकांना तिच्याबद्दल आणखी काही कळून घ्यायचं नव्हतं. मॉर्मन म्हणजे खरे ख्रिस्ती नव्हेतच, त्यांनी शास्त्राला, म्हणजे बायबलला, आपलं वेगळं शेपूट जोडलंय, अशा माणसाच्या हाती न्याय द्यायचा म्हणजे काय, असं जो तो जो भेटेल त्याला सांगत होता. तिनं कोर्टात काय काम केलं, कुणाची बाजू कशी लढवली, याची चौकशी करणारा मला एक भेटला नाही.

मला ती चौकशी करायची गरज नव्हती. मी तिचं काम माझ्या घरातच पाहिलं होतं.

माझी मुलगी केरी तीन वर्षांपूर्वी गेली. डोक्यात गाठ झाली होती. मागं राहिली लेनी, तेव्हा चार वर्षांची, आणि लेनीचा बाप डॅरेल प्रुइट. डॅरेल पीत होताच, केरी गेल्यावर त्याला ताळतंत्रच उरला नाही. एका जानेवारीत तो दारूच्या गुत्त्यासमोर ट्रक उभा करून आत गेला आणि पोर ट्रकमध्ये आहे हेच विसरला. शेरीफच्या माणसानं काच फोडून लेनीला बाहेर काढलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. काउंटीनं पोर काढून माझ्याकडे दिली, आणि लेनीची बाजू मांडायला कोर्टानं वकील नेमली ती लॉर्ना ट्यूलर.

पहिल्यांदा बाई मला काही आवडली नाही. गोड बोलणं नाही, हात हातात घेणं नाही, की "देव तुमच्या पाठीशी असो" नाही. आली ती सरळ जमिनीवर लेनीशेजारी बसली आणि तिला विचारू लागली की बाबाकडे सकाळी काय खातेस, कोण उठवतं, घाबरलीस तर कुणाकडे जातेस. नंतर कळलं, तिनं डॅरेलच्या घरी जाऊन फ्रीज उघडून पाहिला होता आणि पलंगावरची चादर वर करून गादीसुद्धा.

पुढच्या ऑक्टोबरात आमच्या मंडळीत आठवडाभराची जागृतीसभा झाली. शेवटच्या दिवशी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे हाक दिली, ज्याला येशूला शरण यायचं त्यानं पुढं यावं, आणि मागच्या रांगेतून डॅरेल उठून पुढं गेला. गुडघ्यांवर पडला, ढसाढसा रडला. त्याच्या पुढच्या रविवारी मंचामागच्या हौदात त्याचा बाप्तिस्मा झाला. तो पाण्यातून वर आला तेव्हा पायरीवर टॉवेल घेऊन उभे होते वेंडल गेदर. त्यांनी आपल्या हातांनी त्याचं तोंड पुसलं. सगळी मंडळी रडत होती. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

आता ज्या माणसाला तुम्ही टॉवेल दिलात, ज्याचा पुनर्जन्म तुमच्या डोळ्यांसमोर झाला, त्याचाच खटला तुमच्यासमोर असेल तर तुम्ही काय कराल? बाजूला व्हाल, असं तुम्हाला वाटेल. गेदर झाले नाहीत. लॉर्नानं तसा अर्जही दिला होता. त्यांनी तो फेटाळला आणि मला रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर थांबवून समजावलं की मी दोन्ही घरं ओळखतो, दोन्ही घरांसाठी प्रार्थना करतो, मग मी नाही तर कुणी निवाडा करायचा. माणूस लबाड नव्हता. तेच तर दुखणं होतं. लबाड असता तर भांडता आलं असतं.

मग गेदरांच्याच हुकमानं शनिवार-रविवार लेनी बापाकडे जायला लागली. रविवारी चर्चमध्ये बाप-लेक हातात हात घालून यायचे, लोकांचे डोळे भरून यायचे. घरी आणल्यावर मी तिचे केस विंचरायचे तेव्हा केसांना बिअरचा वास यायचा. पोर हावरटासारखी जेवायची. बाबा दिवसा झोपतात, म्हणायची, मी त्यांना उठवत नाही. मी हे गेदरना सांगितलं. ते माझ्याकडे फार मायेनं बघत राहिले.

"ट्वायलाताई," ते म्हणाले, "देवानं ज्याचं मागचं पुसून टाकलं ते आपण का उगाळायचं? अडखळेल तो. आपण सगळेच अडखळतो. तुमचं मन अजून मोकळं झालेलं नाही, मी तुमच्यासाठीही प्रार्थना करतो."

म्हणजे दारू त्यानं प्यायची आणि प्रार्थना माझ्यासाठी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

लेनी कायमची कुणाकडे राहणार याची शेवटची सुनावणी फेब्रुवारीत होती. नवा जज जानेवारीत खुर्चीवर बसणार होता. त्यामुळे जूनचं मतदान लोकांना गेदर की ट्यूलर असं दिसत होतं, मला मात्र त्यात फक्त लेनी दिसत होती.

मतदानाच्या आधीच्या बुधवारी आमच्या पाळकसाहेबांनी दोन्ही उमेदवारांना मंडळीच्या जेवणाला बोलावलं. बुधवारचं जेवण माझ्याकडे असतं. मासे तळले होते, सोबत कॉर्नब्रेड, घेवड्याचे दाणे, केळ्याचं पुडिंग. हॉल गच्च भरला होता. नुसती ट्यूलरबाई बघायलाच निम्मे आले होते. ती आली, रांगेत उभी राहिली, ताट घेतलं. ओपल बर्फाच्या गोड चहाचा जग घेऊन फिरत होती. ओपल गिलिलँड म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण, महिला मंडळाची प्रमुख आणि जिभेची तिखट. तिनं बाईपुढं पेला धरला. बाईंनी पाणी मागितलं. मॉर्मन लोक चहाकॉफी घेत नाहीत, पण आमच्याकडे जेवणावर चहा नको म्हणणं म्हणजे यजमानाच्या घरात पाय न ठेवण्यासारखं. ओपल माझ्याकडे आली आणि म्हणाली की घे, चहात काय पाप असतं ते या वयात कळलं.

जेवणं झाल्यावर प्रश्न सुरू झाले. कुणी रस्त्यांबद्दल विचारलं, ज्याचा जजशी काही संबंध नाही. कुणी बंदुकांबद्दल. मग ओपल उठली आणि तिनं तो प्रश्न विचारला, तुमचं तारण कधी झालं? आमच्यात प्रत्येकाला आपल्या तारणाची, म्हणजे येशूनं आपल्याला पापातून सोडवलं त्या दिवसाची, तारीख सांगता येते. कुठं होतो, कोण उपदेश करत होतं, कसं हृदय पाझरलं, ते. ज्याला सांगता येत नाही त्याचं तारण झालंच नाही, असं आम्ही लहानपणापासून शिकतो.

गेदर हसत उठले. नऊ वर्षांचे असताना, ऑगस्टात, त्यांच्या आजोबांच्या ओढ्याकाठी, असं त्यांनी अगदी झाडाच्या नावासकट सांगितलं. लोकांनी "आमेन" म्हटलं.

ट्यूलरबाई उठल्या. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, तो त्यांनी तसाच ठेवला.

"माझ्याकडे तशी एक तारीख नाही," त्या म्हणाल्या. "मी लहानपणापासून प्रयत्न करते आहे, काही दिवस जमतं, काही दिवस नाही. पण एक सांगते. माझ्यासमोर जो उभा राहील त्याला मी रविवारी कुठं बसते हे ठाऊक असायची गरज पडू नये. आणि तो कुठं बसतो हे मला ठाऊक असलं तरी त्यानं काही बदलू नये."

टाळी कुणी वाजवली नाही. मी वाढायचा चमचा हातात धरून उभी होते, आणि मला वाटत होतं की आत्ता बोलावं. सांगावं सगळं. पण लहान मुलाच्या खटल्यातलं चारचौघांत बोलायचं नाही असा कोर्टाचा हुकूम. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आमच्या मंडळीत दुसऱ्याच्या तारणावर शंका घ्यायची नसते. एकवेळ बँक लुटलेली चालेल.

तेवढ्यात डॅरेल उठला. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्यानं चापून बसवलेले. मला बोलता येत नाही, म्हणाला, आणि नंतर कितीतरी वेळ बोलला. दारू, तुरुंग, केरीची आठवण, ती ऑक्टोबरची सभा. शेवटी म्हणाला, "देवाला ओळखणारा जज होता म्हणून मला माझी पोर बघायला मिळाली. ज्याला देव ठाऊक नाही तो नवा माणूस बघूनसुद्धा जुनीच फाइल वाचणार." म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मागून कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. लेनी त्याच्या मांडीला चिकटून उभी होती. सगळे तिच्याकडे बघून हसत होते, म्हणून तीही हसली.

त्या क्षणी मला कळलं की ही निवडणूक संपली.

तरी गप्प बसवेना. दुसऱ्या दिवशी मी ट्यूलरबाईंच्या कचेरीत गेले. कोर्टासमोर जुन्या बुटांच्या दुकानात त्यांचं ऑफिस आहे. मी सांगितलं की माझं मत तुम्हालाच आणि ओळखीतली वीसेक मतंही मी फिरवीन, भांडीन, पाया पडेन, काय हवं ते करीन. तुम्ही एकदा निवडून आलात की लेनीचा निकाल तुम्हीच...

त्यांनी मला मधेच थांबवलं.

"ट्वायलाबाई, मी निवडून आले तर लेनीचा खटला माझ्यासमोर येणार नाही. मी तिची वकील आहे. मग तिच्याच खटल्यात मी निकाल कसा देणार? मला बाजूला व्हावं लागेल. शेजारच्या काउंटीचे जज येतील."

"पण सगळं तर तुम्हालाच माहीत आहे."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

माझा संताप झाला. एकीकडे हा माणूस टॉवेल हातात घेऊन निवाडा करायला बसलाय, आणि दुसरीकडे ही बाई जिनं गादी उलटून पाहिली ती म्हणते मी हात लावणार नाही. नियमाचा एवढा सोस कशाला, असं मी त्यांना जवळजवळ ओरडूनच विचारलं. त्या रागावल्या नाहीत. मी हरले तर लेनीशेजारी तिची वकील म्हणून उभी असेन, म्हणाल्या, आणि जिंकले तर निदान ज्यानं तिच्या बापाचं तोंड पुसलं तो तिच्यासमोर नसेल. मला विचाराल तर मी दुसरं निवडीन, असंही म्हणाल्या.

मी थोडी शांत झाले. शेजारचे जज कोण, विचारलं. ऑक्ली नावाचे आहेत, त्या म्हणाल्या. आणि माझ्या तोंडून गेलं, "ते कुठल्या मंडळीचे?"

गेला तो शब्द गेला. परत घेता आला असता तर मी जीभ उपटून घेतला असता. ट्यूलरबाई हसल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

"मी कधी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "कागद वाचून येतात, एवढं माहीत आहे."

घरी जाताना मला माझाच राग येत होता. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण माझं जळत असूनही माझ्या तोंडून पहिला तोच प्रश्न निघाला होता. मग ओपलला तरी मी काय दोष देणार होते?

तरी गेलेच ओपलकडे. ती मागच्या व्हरांड्यात चवळीच्या पहिल्या शेंगा सोलत बसली होती. मी टोपलीतल्या शेंगा घेतल्या आणि सोलता सोलता तिला सगळं सांगितलं, कोर्टाचा हुकूम गेला खड्ड्यात. केसांचा वास सांगितला. पोर कशी जेवते ते सांगितलं. ओपलचे हात थांबले नाहीत, पण मान खाली गेली.

"अगं, बाई वाईट आहे असं मी कुठं म्हणते?" ती म्हणाली. "शेजारीण म्हणून सोन्यासारखी असेल. गाडी बंद पडली तर तिलाच हाक मारीन. पण जज? शास्त्रावर हात ठेवून शपथ घ्यायची आणि घरी त्याच्या शेजारी दुसरं शास्त्र ठेवायचं?"

"ओपल, तुझी अक्कलदाढ काढली तो डॉक्टर कोण होता?"

"भारतातला होता. फार हलका हात."

"त्याला विचारलीस तारणाची तारीख?"

"माझं तोंड उघडं होतं, कशी विचारणार?" ती म्हणाली. मग आम्ही दोघी हसलो, आणि मला वाटलं, जमतंय. पण हसून झाल्यावर तिनं शेंगांची सालं पदराएवढ्या एप्रनमधून झटकली आणि म्हणाली की दाढ वेगळी, न्याय वेगळा. दाढ गेली तर नवी बसवता येते. न्याय देवाचा असतो, तो देवाला न ओळखणाऱ्याच्या हाती कसा द्यायचा. तिच्या नवऱ्याचा तीनदा बाप्तिस्मा झाला होता आणि तिसऱ्यांदा तो खरोखर सुधारला होता. म्हणून डॅरेलवरही ती विश्वास ठेवून होती. तिचा विश्वास खोटा नव्हता.

"उद्या देवापुढं उभी राहिले आणि त्यानं विचारलं की कुणाला मत दिलंस, तर मी काय सांगू?" ओपल म्हणाली.

"आणि लेनीनं विचारलं तर काय सांगशील?"

तिनं टोपली उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, मी यावर प्रार्थना करते. आमच्याकडे याचा अर्थ नाही असाच होतो.

दुसऱ्या फेरीला मतदानाला फार कुणी जात नाही. जे जातात ते चर्चमधले. गेदर दोनशेच्या आतबाहेरच्या मतांनी जिंकले. एका मंडळीचे लोक घरी बसले असते तरी निकाल फिरला असता, आणि ती मंडळी माझीच होती. रविवारी पाळकसाहेबांनी विजयाबद्दल आभाराची प्रार्थना केली. मी डोळे मिटले नाहीत. समोर ते टक्कल नम्रपणे खाली झुकलेलं होतं.

फेब्रुवारीत सुनावणी झाली. दार बंद करून, आत मोजकीच माणसं. ट्यूलरबाईंनी एकही मोठा शब्द वापरला नाही. सोमवारी लेनी वर्गात झोपते हे तिच्या शिक्षिकेनं सांगितलं. मी केसांच्या वासाचं सांगितलं. शेरीफच्या माणसानं सांगितलं की नोव्हेंबरात डॅरेल रस्त्याच्या कडेला ट्रकमध्ये झोपलेला सापडला होता. पोर तेव्हा माझ्याकडे होती म्हणून पुढं काही झालं नाही. डॅरेलनं काहीच नाकारलं नाही. मी पडलो, म्हणाला, आणि त्याच दिवशी ब्रदर वेंडलना फोन केला, त्यांनी माझ्याबरोबर प्रार्थना केली. ट्यूलरबाई उठल्या आणि म्हणाल्या की म्हणजे या खटल्यातला एक पक्ष जजसाहेबांना घरी फोन करतो, हे नोंदवून घ्यावं. गेदरना राग आला नाही. त्यांना यात काय चुकलं तेच कळलं नाही. मंडळीतला भाऊ भावाला फोन करणारच, म्हणाले.

मग त्यांनी लेनीला जवळ बोलावलं. ट्यूलरबाईंनी हरकत घेतली, ती नोंदवली गेली आणि पोर पुढं गेली. गेदर आपल्या उंच खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर बाकावर बसले, तिच्या उंचीला यावं म्हणून. आवाज असा की कुणाही आजोबांचा असावा.

"लेनी बाळा, बाबांनी तुला पूर्वी फार त्रास दिला ना?"

"हो सर."

"मग तू त्यांना माफ केलंस का?"

पोरीनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी तिला काही खूण करायला हवी होती का? कुठली खूण? दर रविवारी सकाळी लहान मुलांच्या वर्गात मीच असते. कितीदा माफ करायचं याचा धडा मी तिला, आणि तिच्या आईलाही, मांडीवर घेऊन शिकवला होता.

"हो सर," ती म्हणाली. "माफ करायचंच असतं."

"कुणी शिकवलं तुला?"

"आजीनं."

गेदरनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. ते खुर्चीवर परत गेले आणि म्हणाले की या कोर्टात आज मोठ्यांपेक्षा एका लहान मुलीनं जास्त सांगितलं आहे, ज्याला लेकरानं माफ केलं त्याला कायद्यानं किती काळ धरून ठेवायचं. लेनी बापाकडे जाईल. आजीला एक आड एक रविवार मिळतील. डॅरेल टेबलावर डोकं ठेवून रडू लागला, आणि मला आजही वाटतं की ते रडणं खरं होतं. त्याचं रडणं नेहमीच खरं असायचं. सोमवारपर्यंत टिकायचं नाही, एवढंच.

ट्यूलरबाई तिथंच कागद गोळा करत होत्या. वर अपील करते, म्हणाल्या, पण महिने लागतील. बाहेरच्या बोळात गेदर काळा झगा काढून माझ्याकडे आले. हात पुढं केला, म्हणाले, ट्वायलाताई, आपण एकत्र प्रार्थना करूया. आमच्याकडे पुढं आलेला हात कुणी नाकारत नाही. मी माझे दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि त्यांच्यासमोर तशीच उभी राहिले, त्यांना समजेपर्यंत. ते समजले की नाही, मला माहीत नाही. सुनावणी संपेपर्यंत बाहेर थांबलेली ओपल भिंतीशी लेनीची उशी घेऊन उभी होती. तिनं सगळं पाहिलं, आणि एकदाही "देव बघून घेईल" म्हणाली नाही.

आम्ही पोरीला ट्रकपर्यंत पोचवलं. डॅरेलनं तिला उचलून आत बसवलं, पट्टा लावला आणि पलीकडून बसायला निघाला. काच खाली होती. लेनीनं मला जवळ बोलावलं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "मी नाही म्हणाले असते तर पाप लागलं असतं का?"

चाळीस वर्षं मी मुलांना शिकवते आहे. असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि याचं उत्तर मला आधी कुणी दिलं नव्हतं. डॅरेलनं दार लावलं, किल्ली फिरवली.

"नाही," मी म्हणाले. "नसतं लागलं, बाळा."

पण ट्रक सुरू झाला होता. तिला ऐकू गेलं की नाही ते मला कळलं नाही.